काशीचे हरिकेन

(विचुंबे येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यापासून आपल्याकडे विमानांची चर्चा भरपूर होते. जमिनीचे भाव, नोकऱ्या, आवाज असे सगळे विषय निघतात. मीही आज विमानाविषयीच बोलणार आहे, पण ते विमान जुने आहे. हॉकर हरिकेन जातीच्या या लढाऊ विमानाचा क्रमांक आर ४११८. १९४० साली ते लंडनच्या आकाशात लढले, पुढे पन्नासहून अधिक वर्षे काशीला पडून राहिले आणि २००४ साली पुन्हा उडाले.

माझा मुद्दा आधीच सांगतो. जुने विमान नुसते रंग फासून वाचत नाही. त्याला जाणते हात लागतात आणि जपलेल्या नोंदी लागतात. हात आपल्याकडे कधीच कमी नव्हते. नोंदींच्या बाबतीत मात्र आपण कायम ढिसाळ राहिलो.

आधी विमान समजून घेऊ. सिडनी कॅम यांनी आखलेले हरिकेन पहिल्यांदा उडाले ६ नोव्हेंबर १९३५ रोजी. पंखांत आठ मशीनगन आणि नाकात २७ लिटरचे, बारा सिलिंडरचे रोल्स-रॉइस मर्लिन इंजिन. अंगाने मात्र ते जुन्या वळणाचे होते. मांडव घालावा तसा पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर लाकडी पट्ट्या आणि पाठीमागच्या निम्म्या धडावर ताणून बसवलेले लिननचे कापड. कापडावर डोप नावाचे लुकण चढवले की ते आवळते आणि ढोलकीच्या पानासारखे कडक होते. गोळी कापडातून आरपार गेली, तर ठिगळ लावून विमान पुन्हा उडायला तयार. नाव स्पिटफायर या दुसऱ्या ब्रिटिश लढाऊ विमानाचे झाले, पण १९४० साली जर्मनीविरुद्ध झालेल्या ब्रिटनच्या लढाईत जास्त शत्रुविमाने पाडली ती हरिकेननी.

आर ४११८ हे ऑगस्ट १९४० मध्ये ब्रिटिश हवाई दलाच्या ६०५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनकडे आले. सप्टेंबरात ही तुकडी लंडनजवळच्या क्रॉयडनला आली आणि तिथून या एका विमानाने ४९ उड्डाणे केली. पाच शत्रुविमाने पाडण्यात त्याचा वाटा होता. ऑक्टोबरात मार खाल्ला, दुरुस्ती झाली, मग ते शिकाऊ वैमानिकांच्या हाती गेले. डिसेंबर १९४३ मध्ये त्याची रवानगी हिंदुस्थानात झाली.

त्या काळी लढाऊ विमाने सुटी करून, खोक्यांत भरून बोटीने येत. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत स्फोट झालेली फोर्ट स्टिकीन ही बोट आपल्याला ठाऊक आहे. ती इंग्लंडहून निघाली तेव्हा दारूगोळा आणि सोन्याच्या विटांबरोबर तिच्यावर स्पिटफायरही लादलेली होती.

युद्ध संपले. १९४७ साली आर ४११८ हवाई दलाच्या यादीतून गेले आणि विद्यार्थ्यांना अभियांत्रिकी शिकायला म्हणून बनारस हिंदू विद्यापीठाला मिळाले. तिथे ते उघड्यावर राहिले. १९८२ साली जुन्या मोटारींच्या शोधात आलेल्या पीटर व्हॅचर या इंग्रज गृहस्थाने ते पाहिले. पुढे अनेक वर्षे बोलणी आणि पत्रव्यवहार चालला आणि २००१ मध्ये विमान इंग्लंडला परत गेले.

विमानाचा क्रमांक हाती होता, म्हणून पुढचे सारे शक्य झाले. त्यावरून स्क्वाड्रनच्या रोजनिशा उघडल्या गेल्या, वैमानिकांची लॉगबुके ताडून पाहिली गेली. कोणत्या तारखेला कोण उडाले, कुठे मार बसला, हे सापडत गेले. हेच विमान लढाईत उडवलेले बॉब फॉस्टर तेव्हा हयात होते. नोंदी नसत्या, तर ते भंगारातले आणखी एक हरिकेन ठरले असते.

मग हातांचे काम. सफोक परगण्यातल्या कार्यशाळेत विमान पुरते सुटे केले. लाकूड कुजले होते, ते नवे घातले. खरी कसोटी लागली पंखांच्या मुळाशी. तिथल्या तुळया म्हणजे पोलादी पत्रा वळवून केलेल्या, एकात एक बसवलेल्या बहुकोनी नळ्या. त्या बाजारात मिळत नाहीत. मूळ आराखडे पाहून, त्यासाठीच साचे करून पोलाद पुन्हा वळवावे लागते. सांगाड्याच्या नळ्यांची टोके चौकोनी करून पट्ट्यांनी आणि बोल्टांनी जोडायची, वेल्डिंग नाही. वापरण्याजोगा प्रत्येक मूळ भाग तपासून परत बसवायचा. अशा कामानंतर २३ डिसेंबर २००४ रोजी आर ४११८ केंब्रिजच्या धावपट्टीवरून उडाले.

कोणी म्हणेल, हे साहेबाचे कौतुक झाले, आपल्याला हे जमणार होते का? जमले होते! सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० साली बंगळुरात हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी उभी केली. युद्धानंतर कानपूरला लिबरेटर बॉम्बफेकी विमाने पडून होती. ती पुन्हा कोणाच्या कामी येऊ नयेत, म्हणून मुद्दाम मोडलेली. या कंपनीतल्या आपल्या तंत्रज्ञांनी ती जागेवर जेमतेम उडण्यालायक केली, वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती बंगळुरला नेली आणि अशी ४२ विमाने हवाई दलात दाखल झाली. १९६८पर्यंत ती उडत होती. त्यांतलेच एक आज लंडनच्या हवाई दल संग्रहालयात आहे.

माणसेही होती. मुंबईचे हृषीकेश मुळगावकर १९४० साली हवाई दलात गेले, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढले, काश्मीरमधल्या कामगिरीबद्दल महावीरचक्राचे मानकरी झाले आणि १९७६ ते १९७८ या काळात हवाई दलप्रमुख होते. अलीकडे हवाई दलाने या वारशाकडे लक्ष दिले आहे. २०१२ साली जुने टायगर मॉथ विमान पुन्हा उडाले, २०१८ मध्ये ‘परशुराम’ नावाचे डाकोटा विमान दाखल झाले. पण हे दिल्लीकडचे झाले.

आपल्या जवळचे पाहायचे, तर वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात एचएफ-२४ मारुत हे लढाऊ विमान आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीसाठी फॉके-वुल्फ १९० करणाऱ्या कुर्ट टांक यांनीच ते बंगळुरात आखले. १७ जून १९६१ रोजी मारुत पहिल्यांदा उडाले आणि १९७१ साली याच जातीची विमाने लोंगेवाला भागात लढली. मुलांना तिथे नेलेत, तर नुसता फोटो काढून परतू नका. विमानाचा क्रमांक पाहा आणि हे कोणत्या स्क्वाड्रनचे, कुठे लढले, असे तिथल्या माणसांना विचारा. विचारणारे असले, की जपणारे तयार होतात.

आणि शेवटची विनंती. पनवेल परिसरात हवाई दलातून, नौदलातून, विमान कंपन्यांच्या कार्यशाळांतून निवृत्त झालेली मंडळी राहतात. कोणाच्या घरी जुने लॉगबुक, दुरुस्तीची वही, तुकडीचा फोटो असेल, तर रद्दीत घालू नका. फोटोतल्या माणसांची नावे मागे लिहा, तारीख घाला आणि ते शाळेच्या किंवा वाचनालयाच्या हवाली करा. कुजलेले लाकूड नवे घालता येते, गेलेली नोंद नाही.