जीर्ण वस्त्राचा संसार

(वर्धापनोत्सवातील व्याख्यान)



गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील २२ वा श्लोक या मंडपातील लहान मुलांनाही मुखोद्गत असेल. मनुष्य जशी जुनी वस्त्रे टाकून नवी घेतो, तसा देही जुनी शरीरे टाकून नवी घेतो, हा त्याचा आशय. या श्लोकावरील प्रवचनांत सारा वेळ उपमेयाकडे, म्हणजे आत्म्याकडे जातो. उपमान बिचारे दोरीवर वाळत राहते. वस्तुतः उपमा सफल व्हावयाची तर उपमान श्रोत्याच्या पूर्ण परिचयाचे असावे लागते. वस्त्र जीर्ण केव्हा झाले, ते टाकण्याची वेळ केव्हा आली, हे ऐकणाऱ्यास ठाऊक आहे असे भगवंतांनी गृहीत धरले आहे. ते खरोखर किती जणांस ठाऊक असते? आज तेवढ्याचाच विचार करावयाचा आहे. आत्म्याचा विचार करण्यास या पीठावर अधिकारी पुरुष पुष्कळ आहेत.

जीर्ण आणि फाटलेले हे दोन शब्द एका अर्थाचे नव्हेत. दाराच्या खिळ्याला अडकून धोतरास खोंबारा गेला, तर धोतर फाटले. ते जीर्ण झाले नाही. त्याच्या फाटलेल्या कडेपाशी सूत अजून घट्ट आहे. तेथे चार टाके घातले की काम झाले. उलट एखादे लुगडे कोठेही फाटलेले दिसत नाही, परंतु उजेडासमोर धरले की मधल्या भागातून पलीकडची खिडकी दिसते. ते विरले आहे. त्यास अजून भोक पडलेले नाही एवढेच. घरातील जाणती बाई धुणे वाळत घालतानाच हे पाहून ठेवते, आणि भोक पडण्यापूर्वीच आतून अस्तरासारखा तुकडा लावते. पुरुषांस हे बहुधा सदरा अंगावर फाटल्यानंतर कळते.

या तुकड्याचेही शास्त्र आहे. ठिगळ नव्या कापडाचे लावू नये. नवे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, आणि आटताना भोवतालच्या दुबळ्या कापडास ओढून आणखी फाडते. म्हणून ठिगळासाठी अनेकदा धुतलेले, परंतु धड असलेले कापड जपून ठेवावयाचे. ठिगळ भोकाएवढे कापावयाचे नाही. भोकाभोवती जेथवर कापड विरले आहे त्याच्या पलीकडे, घट्ट सुतापर्यंत ते पोहोचले पाहिजे. दोराही जाड नको. मजबूत दोऱ्याने मजबूत शिवण होते हा नवशिक्यांचा समज असतो. जुन्या कापडास जाड दोरा करवतीसारखा कापतो. रफू करावयाचे असेल तर त्याच वस्त्राच्या शिवणीतील दाबातून सूत काढावे, आधी उभे धागे भरावे, मग आडवा धागा एकाच्या वरून व दुसऱ्याच्या खालून न्यावा. म्हणजे सुईने लहानसा माग चालविण्यासारखेच ते आहे. नऊवारीचे दुखणे वेगळे. ती बसण्याच्या जागी आधी विरते, आणि दोन्ही बाजू धड राहतात. तेव्हा विरलेला भाग काढून उरलेले दोन तुकडे जोडावयाचे. यालाच दंड घालणे म्हणतात. एकेकाळी दंड घातलेले लुगडे नेसणे हे गरिबीचे चिन्ह मानीत. पण ज्या घरात चार मुली उजवावयाच्या असत, त्या घरची गृहिणी त्या शिवणीची लाज बाळगीत नसे.

हे सारे क्षुद्र बायकी काम आहे असे कोणास वाटत असेल, तर त्याने जुने ग्रंथ पाहावेत. वात्स्यायनाने सांगितलेल्या चौसष्ट कलांत सुईची कला आहे, आणि टीकाकार यशोधराने तिचे तीन भाग पाडले आहेत: कंचुकादी शिवणे ते सीवन, फाटलेली वस्त्रे सांधणे ते ऊतन, आणि अंथरुणे-पांघरुणे रचणे ते विरचन. दुरुस्तीस शिवणकामाच्या बरोबरीचे स्वतंत्र नाव दिलेले आहे, हे लक्षात घ्यावे. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलात तर राका देवतेने न मोडणाऱ्या सुईने कर्म शिवावे अशी प्रार्थना आहे.

मग थांबावयाचे केव्हा? याचे उत्तर कापडच देते. जोवर टाका उसवतो आणि कापड टिकते, तोवर पुन्हा टाका घालावा. ज्या दिवशी टाका जसाच्या तसा राहतो आणि त्याच्या शेजारचे कापड सुटते, त्या दिवशी सुई खाली ठेवावी. त्यापुढे शिवणारी वस्त्र शिवीत नसते, आपला हट्ट शिवीत असते. मनूनेही चौथ्या अध्यायात, ऐपत असताना स्नातकाने जीर्ण व मळके वस्त्र नेसू नये असे सांगितले आहे. श्रीमंताच्या अंगावरील चिंधी म्हणजे वैराग्य नव्हे, हे त्या काळीही ओळखले होते असे दिसते.

परंतु सुई खाली ठेवणे म्हणजे वस्त्र फेकणे नव्हे. सोवळ्याचे धोतर घ्या. शिवलेले, जळलेले, उंदराने कुरतडलेले वस्त्र कर्मास चालत नाही असा दंडक आहे. म्हणून ज्या धोतरास सुई लागली ते देवघराच्या उंबऱ्याबाहेर येते; पण घराबाहेर जात नाही. ते रोजच्या नेसण्यात येते, मग त्याचे पंचे होतात, पंचांची फडकी होतात, फडक्यांचे पोतेरे होते. लुगडे गोधडीत जाते. गोधडी शिवताना वरचा पदर बरा निवडतात, आतले थर कसेही चालतात, आणि बारीक धावदोऱ्याने सारे एकजीव होते. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागातील सिद्दी स्त्रिया आपल्या गोधडीस कवंद म्हणतात, आणि तिच्या कोपऱ्यांना त्रिकोणी तुकड्यांची फुले लावल्यावाचून ती पुरी झाली असे मानीत नाहीत.

या उतरत्या पायऱ्यांचे सर्वांत सुंदर वर्णन बौद्धांच्या विनयपिटकात, चुल्लवग्गात आहे. गोव्यातील साखवाळ येथे १८७६ साली जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींनी बौद्ध वाङ्मयाचे दार मराठी वाचकास उघडून दिले, म्हणून ते येथे परके वाटू नये. कौशांबीच्या उदयन राजाच्या राण्यांनी आनंदास पाचशे चीवरे दिली. एवढ्या वस्त्रांचा हा भिक्षू काय व्यापार करणार, असे राजास वाटले, आणि तो विचारावयास गेला. आनंद म्हणाला, ज्यांची चीवरे जुनी झाली आहेत त्यांस ही वाटू. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांचे पलंगपोस. जुन्या पलंगपोसांचे? गादीच्या खोळी. त्यांचे पुढे जमिनीवरील आंथरणे, त्यांची पायपुसणी, त्यांची झटकणी, आणि झटकणीही संपली की ती तोडून चिखलात मळून त्याने जमीन सारवू. राजाने आणखी पाचशे चीवरे दिली म्हणतात.

ही उतरंड सुती कापडाची आहे. पॉलिएस्टरचे कापड पाणी शोषीत नाही, म्हणून त्याचे पोतेरे होत नाही. ज्योतीपाशी ते वितळते, म्हणून त्याचा काकडा वळता येत नाही. वर्षानुवर्षे धुऊनही त्यास सुताचे मऊपण येत नाही, म्हणून तान्ह्यास ते लावता येत नाही. ते जीर्ण होण्यापूर्वीच मनातून उतरते, आणि मग त्याचे गाठोडे होते.

त्या गाठोड्याविषयी एक कठोर शब्द बोलणे भाग आहे. उत्सवाच्या निमित्ताने वस्त्रदान म्हणून जी गाठोडी येतात, त्यांत गुंड्या तुटलेले सदरे, विटलेली पातळे, वास मारणारी पांघरुणे असतात. कठोपनिषदातील नचिकेत आठवावा. शेवटचे पाणी प्यालेल्या, शेवटचे गवत खाल्लेल्या गाई बाप दान देत आहे हे पाहून त्या पोराच्या मनात श्रद्धा शिरली आणि त्यास चैन पडेना. जे वस्त्र द्यावयाचे ते आधी धुवावे, गुंड्या लावाव्या, उसवलेले शिवावे. एवढे करण्याची इच्छा होत नसेल तर ते दान नाही. अडगळ दुसऱ्याच्या दारी नेऊन ठेवणे आहे.

सोडणे कोणास किती कठीण जाते, याची बेळगावच्या शहापूर भागातील एका घरची हकीकत सांगण्यासारखी आहे. त्या घरच्या आजींनी यजमानांच्या मागे त्यांच्या धोतरजोडीतील एक पान पेटीत जपून ठेवले होते. कोणी ते नेसत नव्हते. तरी दर श्राद्धाच्या आदल्या दिवशी त्या ते उलगडीत, आणि दर वर्षी ते घडीवर विरलेले आढळे. न वापरलेले वस्त्रही घडीच्या रेषेवर झिजते. त्या दुपारभर बसून त्या रेषा रफू करीत, आणि पुन्हा त्याच घडीवर ते मिटून ठेवीत. होता होता धोतरात मूळच्या सुतापेक्षा रफूचे सूत अधिक झाले.

पुढे नात बाळंतपणास माहेरी आली. दुपट्यांसाठी जुने मऊ कापड हुडकताना सून म्हणाली, "आत्याबाई, घरात आता सुती जुने काही उरलेच नाही हो." पेटीचे नाव तिने काढले नाही. आजी त्या दिवशी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी धोतर कढत पाण्यात धुऊन उन्हात टाकले. शेजारणीने कुंपणावरून विचारले, "अहो, गेलेल्या माणसाचे वस्त्र तान्ह्या जिवाला?" आजी म्हणाल्या, "चाळीस वर्षं संसार केला हो मी त्यांच्याशी. पणतवाला टोचेल असं त्यांच्या अंगावरचं काही नव्हतं."

कातर त्यांनी सुनेच्या हाती दिली नाही. घडीच्या रेषा वगळून, मधले धड तेवढे चौकोन स्वतः कापले. पाच दुपटी निघाली. रफूचे तुकडे गोधडीच्या आतल्या थरात गेले. लाल काठाची एक लांब पट्टी उरली, ती गुंडाळून त्यांनी सुईदोऱ्याच्या डब्यात ठेवली. बारशाच्या आदल्या दिवशी नातीने पाहिले, तेव्हा ती पट्टी गोधडीच्या कडेला लागलेली होती, आणि आजी शेवटचा दोरा दाताने तोडीत होत्या.