गाळलेले पान : जॅकी रॉबिन्सन आणि बेसबॉलमधील वर्णभिंत
(अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



अमेरिकेत २०१३ साली ‘फॉर्टी-टू’ या नावाचा एक चरित्रपट प्रदर्शित झाला. बेचाळीस हा जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय बेसबॉलपटूच्या गणवेषावरील क्रमांक. दिग्दर्शक ब्रायन हेल्गलंड. रॉबिन्सनची भूमिका चॅडविक बोझमन या गुणी नटाने केली. हा नट २०२० साली वयाच्या अवघ्या ४३व्या वर्षी निवर्तला. संघाचे सूत्रचालक ब्रँच रिकी यांच्या भूमिकेत हॅरिसन फोर्ड आहेत. चित्रपट पाहण्याजोगा आहे, हे आरंभीच मान्य करावयास हवे. फिलाडेल्फिया संघाचा व्यवस्थापक बेन चॅपमन मैदानाच्या कडेला उभा राहून रॉबिन्सनला त्याच्या वर्णावरून एकामागून एक शिव्या देतो, आणि रॉबिन्सन ओठ घट्ट मिटून चेंडूची वाट पाहत उभा राहतो, हा प्रसंग पाहताना प्रेक्षकाची मूठ आपोआप वळते. एप्रिल १९४७ मध्ये असे खरोखरच घडले होते.

परंतु चित्रपट जी हकीकत सांगतो ती दोन थोर पुरुषांची आहे. एक उदार मालक एके दिवशी निश्चय करतो, एक सहनशील खेळाडू तो तडीस नेतो, आणि साठ वर्षांची भिंत कोसळते. या हकीकतीतून एक संपूर्ण पान गाळलेले आहे, आणि ते पान एका कम्युनिस्ट वृत्तपत्राचे आहे.

ही भिंत कशी उभी राहिली ते आधी पाहू. १८८४ साली मोझेस फ्लीटवुड वॉकर हा कृष्णवर्णीय खेळाडू टोलीडोच्या संघातून वरिष्ठ दर्जाचे सामने खेळला. त्यानंतर मालकांनी आपसांत ठरवून दारे बंद केली. याविषयी कोणताही लेखी नियम नव्हता. त्याला ‘सभ्य गृहस्थांचा करार’ असे गोंडस नाव होते. अलिखित कायद्याची सोय अशी असते की त्याविरुद्ध न्यायालयात जाता येत नाही आणि त्याचे उत्तरदायित्वही कोणावर येत नाही. बेसबॉलचे सर्वाधिकारी आयुक्त केनेसॉ माउंटन लँडिस यांनी १९४२ साली जाहीरपणे सांगितले की काळ्या खेळाडूंना मज्जाव करणारा नियमच अस्तित्वात नाही! १९२० पासून १९४४ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते आयुक्त होते, आणि या चोवीस वर्षांत एकही काळा खेळाडू आत आला नाही.

या लँडिस महाशयांची जुनी ओळख कामगार चळवळीला आहे. आयुक्त होण्यापूर्वी ते शिकागोत संघराज्य न्यायाधीश होते. ‘जगातील औद्योगिक कामगार’ या लढाऊ संघटनेच्या शंभराच्या आसपास कार्यकर्त्यांवरील १९१८ चा खटला त्यांच्यापुढेच चालला आणि बिल हेवुड यांना त्यांनीच वीस वर्षांची शिक्षा ठोठावली. हेवुड पुढे सोव्हिएत रशियात गेले. त्यांच्या रक्षेचा काही भाग क्रेमलिनच्या भिंतीत विसावला आहे.

दरम्यान कृष्णवर्णीय खेळाडू ‘निग्रो लीग’ या आपल्या स्वतंत्र स्पर्धांतून खेळत होते. मोडक्या बसमधून रात्रीचा प्रवास, हॉटेलात जागा नाही, खाणावळीत पुढच्या दाराने प्रवेश नाही, आणि तरीही खेळ असा की गोऱ्या संघांशी प्रदर्शनीय सामने झाले म्हणजे गोरे वारंवार हरत. सॅचेल पेज हा चेंडूफेक्या आणि जॉश गिब्सन हा फटकेबाज ही त्यांतील दोन मोठी नावे. गिब्सन २० जानेवारी १९४७ रोजी ३५व्या वर्षी वारला. भिंतीला भगदाड पडण्यास तेव्हा तीन महिनेही उरले नव्हते. निग्रो लीगचे आकडे अधिकृत नोंदीत सामावून घेण्यात आले ते २०२४ साली, आणि मग सर्वोच्च कारकीर्द-सरासरी गिब्सनच्या नावावर असल्याचे उघड झाले.

आता ते गाळलेले पान. अमेरिकन कम्युनिस्ट पक्षाचे मुखपत्र ‘डेली वर्कर’ न्यूयॉर्कहून निघत असे. लेस्टर रॉडनी नावाच्या पंचविशीतील तरुणाने पत्रातील क्रीडावृत्तांच्या रूक्षपणाबद्दल संपादकांकडे तक्रार केली आणि ते काम त्याच्याच गळ्यात पडले. १९३६ साली त्याने बेसबॉलमधील वर्णबंदीविरुद्ध मोहीम उघडली. खेळ म्हणजे कामगारांना गुंगी आणणारे भांडवलदारी मनोरंजन, असे मानणारे सोबती तेथेही होते, जसे ते सर्वत्र असतात. परंतु ज्या खेळाच्या चर्चेत कारखान्यातील जेवणाची सुट्टी संपते, त्या खेळातील अन्यायाविषयी कामगारांच्या पत्राने मौन पाळावे, हा कसला वर्गीय दृष्टिकोन?

रॉडनीची पद्धत साधी होती. मालक म्हणत, आमची काही हरकत नाही, पण गोरे खेळाडू काळ्यांसोबत खेळणार नाहीत. रॉडनी थेट गोऱ्या खेळाडूंकडे आणि व्यवस्थापकांकडे गेला व त्यांनाच विचारले. अनेकांनी आपली हरकत नसल्याचे सांगितले. जो डिमॅजिओसारख्या अव्वल फलंदाजाने १९३७ मध्ये कबूल केले की आपण तोंड दिलेल्या चेंडूफेक्यांत सॅचेल पेज सर्वश्रेष्ठ होय. मालकांच्या सबबीतील हवा अशी एकेका मुलाखतीने निघत गेली. सोबत मैदानांच्या दारांशी सह्यांची मोहीम चालली, युवक कम्युनिस्ट आणि कामगार संघटना तीत उतरल्या, मे दिनाच्या मिरवणुकीत बेसबॉलमधील वर्णभेदाविरुद्धचे फलक झळकले. रॉडनी युद्धकाळात सैन्यात भरती होऊन प्रशांत महासागराच्या आघाडीवर गेला, तेव्हा नॅट लो आणि बिल मार्डो यांनी काम पुढे नेले.

हे श्रेय एकट्या पक्षाचे मानणे असत्य ठरेल. ‘पिट्सबर्ग कुरियर’चा वेंडेल स्मिथ आणि बाल्टिमोरच्या ‘आफ्रो-अमेरिकन’मधील सॅम लेसी यांच्यासारखे कृष्णवर्णीय पत्रकार वर्षानुवर्षे हाच लढा लढत होते. स्मिथ चित्रपटात आहे, ही चांगलीच गोष्ट आहे. गोऱ्यांच्या बड्या वृत्तपत्रांतील बहुतेक क्रीडालेखक मात्र त्या काळात मूग गिळून बसले होते, आणि गोऱ्या वाचकवर्गाच्या पत्रांत हा प्रश्न सातत्याने लावून धरणारे पत्र म्हणून ‘डेली वर्कर’चेच नाव घ्यावे लागते.

डिसेंबर १९४३ मध्ये पॉल रोब्सन यांनी मालकांच्या बैठकीपुढे उभे राहून बंदी उठवण्याचे आवाहन केले. त्याच वर्षी हार्लेममधून कम्युनिस्ट नेते बेंजामिन डेव्हिस न्यूयॉर्कच्या नगरपरिषदेवर निवडून आले. त्यांच्या एका पत्रकावर रणांगणात मरून पडलेला काळा सैनिक आणि काळा बेसबॉलपटू शेजारी शेजारी दाखवले होते : देशासाठी मरण्यास जो पात्र, तो खेळण्यास अपात्र कसा? फॅसिझमविरुद्ध युद्ध चालू असताना या प्रश्नाला उत्तर नव्हते. १९४५ मध्ये नोकरीतील वर्णभेदाला मनाई करणारा कायदा न्यूयॉर्क राज्यात संमत झाला. २३ ऑक्टोबर १९४५ रोजी ब्रुकलिन डॉजर्सने रॉबिन्सनला करारबद्ध केल्याची घोषणा झाली; शहराच्या निवडणुका तेव्हा तोंडावर आल्या होत्या.

रिकी यांची निवड अचूक होती आणि ते अखेरपर्यंत रॉबिन्सनच्या पाठीशी उभे राहिले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ते व्यापारीही होते. काळे प्रेक्षक तिकीट काढून येतील हा हिशेब त्यांना ठाऊक होता, आणि रॉबिन्सन ज्या कॅन्सस सिटी मोनार्क्स संघात खेळत होता त्या संघाला त्यांनी एक डॉलरही नुकसानभरपाई दिली नाही. चित्रपटातील हृदयपरिवर्तनाच्या कथेत या व्यवहाराला स्थान नाही.

खुद्द रॉबिन्सन पडद्यावरील मूर्तीहून अधिक ताठ कण्याचा होता. जन्म १९१९ चा, जॉर्जियातील कैरो गावच्या वाटेकरी शेतकऱ्याच्या घरी; आजी-आजोबा गुलामीत जन्मलेले. आई मॅलीने मुलांना घेऊन कॅलिफोर्निया गाठले व धुणीभांडी करून त्यांना वाढवले. थोरल्या भावाने, मॅकने, १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये २०० मीटर शर्यतीत जेसी ओवेन्सच्या पाठोपाठ रौप्यपदक मिळवले. परतल्यावर त्याला रस्ते झाडण्याचे काम मिळाले. जुलै १९४४ मध्ये टेक्सासच्या लष्करी तळावर बसच्या मागील बाकावर जाण्यास लेफ्टनंट रॉबिन्सनने नकार दिला, त्याच्यावर लष्करी खटला झाला, आणि तो निर्दोष सुटला. अशा माणसाला उलट उत्तर न देण्याचे वचन पाळावे लागले, यातील यातना ध्यानात घेतली पाहिजे.

१५ एप्रिल १९४७ रोजी तो एबेट्स फील्डवर उतरला. उपस्थित सुमारे २६,००० प्रेक्षकांपैकी निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय होते. त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित, १९४९ चा सर्वोत्तम खेळाडू, १९५५ च्या विजेत्या संघाचा आधारस्तंभ, ही पुढील कामगिरी सर्वपरिचित आहे.

आणि येथे कम्युनिस्टांना बोचणारा भाग येतो. तोही गाळता येत नाही. एप्रिल १९४९ मध्ये पॅरिसच्या शांतता परिषदेत रोब्सन यांनी केलेले भाषण वृत्तसंस्थेने विपर्यस्त रूपात प्रसृत केले : अमेरिकी कृष्णवर्णीय सोव्हिएत संघाविरुद्ध लढणार नाहीत, असे. प्रतिनिधिगृहाच्या ‘अमेरिकाविरोधी कारवाया’ समितीने जुलैमध्ये रॉबिन्सनला साक्षीस पाचारण केले, आणि तो गेला. त्याच्यासाठी दार ठोठावणाऱ्या माणसाविरुद्ध त्याची जीभ वापरण्यात आली. त्याच साक्षीत त्याने असेही बजावले की अन्यायाविरुद्ध एखादा कम्युनिस्ट ओरडतो म्हणून अन्याय खोटा ठरत नाही. परंतु भांडवली पत्रांनी मथळे दिले ते रोब्सनविरोधी वाक्यांना. १९५० मध्ये रोब्सन यांचे पारपत्र रद्द झाले, ते १९५८ पर्यंत मिळाले नाही. (त्याच १९५८ साली रोब्सन यांची साठी भारतात नेहरूंच्या पाठिंब्याने साजरी झाली, अमेरिकी सरकारची नापसंती असतानाही.) बेंजामिन डेव्हिस तर स्मिथ कायद्याखाली तुरुंगात गेले. १९५० मध्येच रॉबिन्सनच्या जीवनावर पहिला चित्रपट निघाला. त्यात नायक तो स्वतःच. त्याचा शेवट वॉशिंग्टनमधील त्या साक्षीने केलेला आहे. पहिल्या चित्रपटाने कम्युनिस्टांना शत्रू म्हणून सूचित केले, तर २०१३ च्या चित्रपटाने ते मुळी नव्हतेच असे दाखवले.

रॉबिन्सन कम्युनिस्ट कधीच नव्हता. १९६० मध्ये त्याने निक्सनचा प्रचारही केला. परंतु आयुष्याने त्याला शिकवले. खेळाडूला मालकाशी जन्मभर बांधून ठेवणाऱ्या ‘राखीव कलमा’विरुद्ध कर्ट फ्लड या कृष्णवर्णीय खेळाडूने खटला भरला, तेव्हा १९७० मध्ये रॉबिन्सन त्याच्या बाजूने साक्ष देण्यास न्यायालयात आला. त्या वेळी खेळत असलेला एकही खेळाडू तेथे फिरकला नव्हता. १९७२ च्या आत्मचरित्रात त्याने लिहून ठेवले की ते १९४९ चे निमंत्रण आता आले असते तर आपण ते नाकारले असते, आणि रोब्सन यांच्याविषयीचा आपला आदर वाढला आहे.

१५ ऑक्टोबर १९७२ रोजी सिनसिनाटीच्या मैदानावर त्याचा सत्कार झाला. मधुमेहाने दृष्टी जवळजवळ गेलेली, केस पांढरे. आभार मानून तो म्हणाला की एखादा काळा व्यवस्थापक संघ चालवताना दिसेल तेव्हा आपणास अधिक आनंद होईल. नऊ दिवसांनी, ५३व्या वर्षी, तो वारला. पहिला कृष्णवर्णीय व्यवस्थापक, फ्रँक रॉबिन्सन, क्लीव्हलंडमध्ये नेमला गेला तो १९७५ च्या हंगामासाठी.