समोर कोण बसले आहे?

(हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी व पालक यांच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



शाळेच्या साठाव्या वर्षी आपल्यासमोर बोलण्याची संधी दिल्याबद्दल संयोजकांचा मी आभारी आहे. ‘वक्ता आणि श्रोता’ हा विषय मी मुद्दाम निवडला आहे. मराठी मुलुखापासून दूर असलेल्या आपल्या शाळेत त्याला विशेष महत्त्व आहे. या सभागृहाकडेच पाहा. पुढच्या रांगांत नोकरी-व्यवसायासाठी महाराष्ट्रातून येथे आलेली पिढी आहे. त्यांच्या मागे त्यांची मुले बसली आहेत; घरात मराठी आणि बाजारात हिंदी हा त्यांचा नित्याचा व्यवहार. अगदी मागे नातवंडे आहेत. त्यांना आजीचे बोलणे पुरते समजते. व्यासपीठावरचे मराठी मात्र निम्मे डोक्यावरून जाते. एकाच वक्त्यासमोर हे तीन श्रोतृवर्ग आहेत. त्याने कोणाशी आणि कसे बोलावे?

आपल्या परंपरेने या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केला आहे. नारदीय कीर्तनाचे दोन भाग असतात. पूर्वरंगात अभंगाच्या आधारे तत्त्वाचे निरूपण होते आणि उत्तररंगात तेच तत्त्व आख्यानातून उलगडते. विवेचनात रमणारा श्रोता आणि कथेतून उमगणारा श्रोता, दोघेही एकाच मांडवातून तृप्त होऊन उठतात.

हेच कीर्तन तंजावरला गेले. तेथे १८५५ पर्यंत मराठी राजघराणे होते आणि मराठी कीर्तनकारांना मान होता. त्यांच्या कीर्तनापासून प्रेरणा घेऊन एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावर कृष्ण भागवतर यांनी तमिळ हरिकथेला नवे रूप दिले. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही मराठी वळणे त्यांनी स्वीकारली आणि तमिळ श्रोत्यांसाठी त्यांना कर्नाटक संगीताची जोड दिली. भाषा बदलली, श्रोते बदलले; कथेतून भक्ती आणि नीती सांगण्याचा हेतू कायम राहिला.

गाडगे महाराजांची रीत तर प्रत्येक वक्त्याने अभ्यासावी अशी आहे. दिवसा ते हाती खराटा घेऊन गाव झाडीत आणि रात्री त्याच गावात कीर्तन करीत. गाव झाडणाऱ्याला गाव कळते: पाणवठ्याची अवस्था, कर्ज काढून केलेले सण, शाळेत न जाणारी मुले. रात्री ते वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांना प्रश्न विचारीत, उत्तरे त्यांच्याच तोंडून काढून घेत आणि त्या उत्तरांवरून पुढे जात. निष्कर्ष श्रोत्याचा स्वतःचा होई. आधी ऐकावे, पाहावे आणि मग बोलावे, हा त्यांच्या वक्तृत्वाचा पाया होता.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. श्रोता ओळखणे आणि श्रोत्याची मर्जी राखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फेब्रुवारी १९१६ मध्ये बनारस हिंदू विश्वविद्यालयाच्या समारंभात गांधीजींचे भाषण झाले. व्यासपीठावर दागिन्यांनी मढलेले संस्थानिक आणि समोर विद्यार्थी होते. परकीय भाषेत बोलावे लागते याची खंत त्यांनी प्रथम बोलून दाखविली आणि मग त्या जडजवाहिराची तुलना देशातील गरिबीशी केली. ॲनी बेझंट यांनी त्यांना थांबण्यास सांगितले, श्रोत्यांतून ‘बोला, बोला’ असा आग्रह झाला आणि अखेर सभा अर्धवट राहिली. आपले खरे श्रोते कोण हे गांधीजींनी ठरविले होते. व्यासपीठाची मर्जी राखण्यासाठी त्यांनी आपले म्हणणे मऊ केले नाही. श्रोत्यानुसार वाट बदलावी, मुक्काम बदलू नये.

आता आपल्या शाळेकडे वळू. वक्तृत्व स्पर्धेत आपली मुले बहुधा मोठ्यांनी लिहून दिलेले भाषण पाठ करतात, ठरलेल्या शब्दावर हात उंचावतात आणि दृष्टी परीक्षकांवर ठेवतात. समोर बसलेल्या शंभर मुलांना काही कळले की नाही, याला गुण नसतात. वास्तविक आपली मुले दिवसातून दहा वेळा श्रोता ओळखतात. आजीशी, रिक्षावाल्याशी आणि वर्गमित्राशी ती निरनिराळ्या भाषेत, निरनिराळ्या रीतीने बोलतात. एकभाषी शहरातील मुलाला ही शिदोरी सहज मिळत नाही. म्हणून एक सूचना करतो. स्पर्धेत प्रत्येकाने एकच विषय दोनदा मांडावा, एकदा चौथीच्या वर्गापुढे आणि एकदा पालकांपुढे. नंतर श्रोत्यांनाच विचारावे, ‘तुम्हांला काय समजले?’ गुण त्यावर द्यावेत.

आपण मोठ्यांनीही बोलण्यापूर्वी तीन प्रश्न मनाशी विचारावेत. समोरच्यांना या विषयाचे आधीपासून काय ठाऊक आहे? त्यांना कशाची काळजी आहे? त्यांच्याजवळ वेळ किती आहे? बोलताना मागच्या रांगांत चुळबुळ सुरू झाली, तर आवाज चढवू नये. एखादा मुद्दा सोडून उदाहरण द्यावे. अवघड शब्द आला, तर तो टाळू नये, उलगडावा. ‘कृतज्ञता’ म्हणावे आणि लगेच ‘कोणी आपल्यासाठी केलेले मनात जपणे’ असेही सांगावे. शब्द टाळत गेलो, तर नातवंडांना ते मिळायचे कोठून? आणि ते न उलगडता बोलत राहिलो, तर ती ऐकायला तरी कशासाठी येतील?

महाराष्ट्रात मराठी कानांवर पडतच राहते. दुकानाच्या पाटीपासून बसच्या घोषणेपर्यंत तिला जागा आहे. येथे ती घरात, या शाळेत आणि अशा सभागृहांत बोलली जाते, म्हणून टिकते. येथे एक मूल कंटाळून उठून गेले, तर भाषेचा एक श्रोता गेला. आणि ज्याने भाषा ऐकली नाही, तो ती पुढे बोलणार नाही. शाळेच्या शताब्दीला या व्यासपीठावरून बोलणारा वक्ता आज बहुधा शेवटच्या रांगेत बसलेला आहे. पुढचा प्रत्येक कार्यक्रम आखताना आणि प्रत्येक भाषण करताना त्याच्याकडे पाहून बोलावे, एवढी विनंती करतो आणि आपली रजा घेतो.