माहितीचीही ठेव असते
(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेच्या पंचवीस वर्षांच्या वाटचालीवर बोला, असं मला सांगण्यात आलं होतं. पण जागा कशी मिळाली, बोअरला पाणी कधी लागलं, रस्ता कधी झाला, हे इतरांनी चांगलं सांगितलं आहे. म्हणून मी येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवरचा एक विषय घेतो. गेटवर आणि आतल्या रस्त्यांवर कॅमेरे, पाहुण्यांची नोंद घेणारं मोबाईल अ‍ॅप, आणि घरकाम करणाऱ्या बाया, दूधवाले, ड्रायव्हर यांच्या आधारकार्डाच्या झेरॉक्स, असा तो ठराव आहे. माझा त्याला सरसकट विरोध नाही. दिवाळीत घर बंद करून गावी जाताना कुलपाची काळजी मलाही वाटते. पण हात वर करण्याआधी एका जुन्या बँकवाल्याचं म्हणणं ऐकून घ्यावं, एवढीच विनंती.

बँकेत नोकरी लागली की पहिल्याच दिवसांत एका कागदावर सही करावी लागते. निष्ठा आणि गुप्ततेचं ते प्रतिज्ञापत्र. 1970 साली बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा जो कायदा झाला, त्याच्या कलम 13 मध्येच हे बंधन घातलेलं आहे. ग्राहकाचा व्यवहार कायद्याने भाग पाडल्याशिवाय किंवा बँकिंगच्या रीतीत बसत असल्याशिवाय बाहेर सांगायचा नाही. बँकिंगच्या परीक्षेला आम्हाला 1924 चा एक इंग्लंडमधला खटला अभ्यासाला होता, टूर्निये नावाच्या ग्राहकाचा. त्याच्या खात्यावर बाकी होती. मॅनेजरने त्याचा पत्ता विचारायला त्याच्या मालकाला फोन केला आणि बोलता बोलता त्याची उधारी सांगितली, वर जुगाराचा संशयही बोलून दाखवला. त्या माणसाची नोकरी पुढे चालू राहिली नाही. तेव्हा अपील कोर्टाने सांगितलं की ग्राहकाची माहिती गुप्त ठेवणं हे बँकेचं कायदेशीर कर्तव्य आहे. अपवाद फक्त चार: कायद्याची सक्ती, सार्वजनिक हित, बँकेचं स्वतःचं हित आणि ग्राहकाची संमती.

हे पुस्तकातलं झालं. काउंटरवर त्याचा अर्थ काय होता, तेही सांगतो. तालुक्याच्या शाखेत असताना काही बाया बाजाराच्या दिवशी येऊन रिकरिंग खात्यात थोडेथोडे पैसे भरायच्या. पासबुक घरी न्यायच्या नाहीत, कारण घरच्यांना कळलं असतं तर ते पैसे कुठे गेले असते हे त्यांना ठाऊक होतं. एकदा एक गृहस्थ येऊन म्हणाले, "साहेब, आमच्या घरच्यांचं खातं आहे का इथं?" मी म्हणालो, "खातेदाराशिवाय कोणाला सांगता येत नाही." ते चिडले. "मी नवरा आहे तिचा!" मी त्यांना चहा पाजला, पण माहिती दिली नाही. पुढे त्या बाईच्या पैशातून लेकीची कॉलेजची फी भरली गेली.

आता आपल्याकडे लगेच म्हणतात, "कर नाही त्याला डर कशाला?" त्या बाईने काय गुन्हा केला होता? लपवण्यासारखं काही वाईट नसतं तरी झाकण्यासारखं पुष्कळ असतं. औषधाची चिठ्ठी, मुलाचे मार्क, सोयरिकीची बोलणी, भावाला दिलेले उसने पैसे. हे कोणाला सांगायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

दुसरा एक आक्षेप आमच्याच वयाचे लोक घेतात. खेड्यात तरी कुठे काय लपून राहायचं? पारावर सगळ्यांचं सगळं माहीत असायचं. खरं आहे. पण पारावर जो तुमचं बोलायचा, त्याचंही तुम्हाला माहीत असायचं. शिवाय माणसं विसरायची. आता ज्याच्याकडे माहिती जाते तो तुम्हाला दिसत नाही, त्याची माहिती तुम्हाला मिळत नाही, आणि त्याचं यंत्र विसरत नाही.

सरकार आणि नागरिक यांच्यातही हाच वाद आहे आणि तो जुना आहे. उत्तर प्रदेशात खडकसिंग नावाच्या माणसाच्या घरी पोलीस पाळत म्हणून रात्री-बेरात्री दार ठोठवायचे. 1962 साली सर्वोच्च न्यायालयाने रात्रीच्या त्या भेटी बंद केल्या, पण खासगीपणाचा वेगळा हक्क घटनेत नाही असंही म्हटलं. हे मत बदलायला 2017 साल उजाडलं. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती. 2012 साली ते आधारच्या विरोधात कोर्टात गेले तेव्हा त्यांचं वय 86 होतं. "या वयात कशाला" म्हणणाऱ्या माझ्या मित्रांनी हा आकडा लक्षात ठेवावा. 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे.

ज्या आधारवरून हे सुरू झालं, त्याची सुरुवात आपल्याच राज्यात झाली. 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातलं पहिलं आधार दिलं गेलं. त्याने कामं सोपी झाली हे मी नाकारत नाही. नोव्हेंबरात हयातीचा दाखला घरबसल्या देता येतो, हे इथल्या प्रत्येक पेन्शनरला माहीत आहे. पण कापूस वेचून, विटा उचलून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्यांना रेशनच्या मशीनपुढे पुन्हा पुन्हा अंगठा लावत उभं राहावं लागतं, हेही आपण पाहतो. सप्टेंबर 2018 च्या निकालात पॅन आणि सरकारी अनुदानासाठी आधार कायम राहिलं, मात्र बँक खातं आणि मोबाईल यांना ते जोडण्याची सक्ती रद्द झाली. फोन ऐकण्याबाबतही असंच. ऑक्टोबर 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका व्यावसायिकाचे फोन ऐकण्याचे सीबीआयला दिलेले आदेश बेकायदा ठरवले. थोडक्यात, सरकारने पाहूच नये असं कोर्ट म्हणत नाही. कायदा दाखवा, कारण दाखवा आणि कारणापुरतंच पाहा, असं म्हणते.

कंपन्यांचं काय? झटपट कर्ज देणारी अ‍ॅप्स तुम्हाला माहीत आहेत. कर्ज पाच हजारांचं, पण अ‍ॅप फोनमधले सगळे नंबर मागतं. हप्ता चुकला की मामाला, मेहुण्याला, ऑफिसच्या साहेबाला फोन. टूर्नियेच्या मॅनेजरने एक फोन केला होता, हे शंभर करतात. म्हणून रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2022 मध्ये नियम केला की कर्जाच्या अ‍ॅपने फोनमधले नंबर, फोटो-फाइली आणि कॉलची यादी यांना हात लावायचा नाही. आता 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये त्याचे नियम निघाले, आणि तो टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे. माहिती कशासाठी घेता ते सांगितलं पाहिजे, ती सूचना मराठीतही मिळाली पाहिजे, आणि दिलेली संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज काढून घेता आली पाहिजे. सरकार आपल्या यंत्रणांना सूट देऊ शकतं, ही त्यातली मोठी फट आहे. आणि हा कायदा डिजिटल माहितीपुरता आहे. गेटवरच्या वहीला आणि ड्रॉवरमधल्या झेरॉक्सना तो लागू नाही. तिथला कायदा आपणच करायचा आहे.

म्हणून ठरावाला माझ्या पाच दुरुस्त्या आहेत.

एक, कॅमेरे गेट, रस्ता आणि पार्किंगवर असावेत; कोणाच्या दारावर किंवा खिडकीवर नकोत.
दोन, चित्रण तीस दिवसांनी पुसलं जावं. तक्रार असेल तर दोन पदाधिकाऱ्यांनी मिळून, वहीत नोंद करून पाहावं. कोणाची मुलगी किती वाजता आली, हे पाहायला ते नाही.
तीन, आधारची झेरॉक्स ठेवू नये. ओळख पटवायची तर पहिले आठ आकडे झाकलेलं आधार पाहावं आणि परत द्यावं. हा नियम कामवाल्या मावशींना तोच, जो आपल्या पाहुण्यांना.
चार, अ‍ॅप घ्यायचं तर कंपनी माहितीचं काय करते हे लेखी घ्यावं. ज्याला अ‍ॅप नको, त्याच्यासाठी वही चालू ठेवावी.
पाच, थकबाकीदारांची नावं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नयेत. वसुलीला नोटीस आहे, कायदा आहे. चव्हाट्यावर नाव आणणं ही वसुली नव्हे.

आणि ज्यांच्या हाती कॅमेऱ्याचा पासवर्ड आणि गेटची वही राहील, त्यांनी आम्ही बँकेत करायचो तशी गुप्ततेची सही करावी. पगार नसला तरी सही करता येते.

लोक बँकेत पैसे ठेवतात ते परत मिळतील या भरवशावर. शेजाऱ्याने आपल्याकडे ठेवलेली माहितीही ठेवच आहे, आणि ती परत देता येत नाही, फक्त सांभाळता येते. पंचवीस वर्षं आपण एकमेकांच्या घराच्या किल्ल्या सांभाळल्या. पुढची पंचवीस वर्षं एवढंही सांभाळावं. या दुरुस्त्या मी सचिवांकडे लेखी देत आहे. सभेत त्यावर भांडा, पण वाचून भांडा.