अ‍ॅमस्टरडॅममधली स्केचवही



मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणून शाळेच्या नव्या संगणक कक्षाबद्दल मी बोलावं, असं संयोजकांनी सुचवलं. त्याकडे येणारच आहे, पण आधी दुसरंच सांगते. गेली तीन वर्षं मी शनिवार-रविवारी चित्रकलेच्या वर्गाला जाते. वर्गात सगळ्यांत मोठी मीच. पोरं मला ‘ताई’ म्हणतात आणि लॅपटॉप बिघडला की माझ्याकडे आणतात. गेल्या मे महिन्यात आमचे सर आम्हा अकरा जणांना दहा दिवस अ‍ॅमस्टरडॅमला घेऊन गेले. अट एकच : आधी चित्र, मग फोटो.

पहिले दोन दिवस कालव्याकाठची घरं काढली. अरुंद, उंच, एकमेकांना खेटून उभी असलेली. पर्स्पेक्टिव्हच्या रेषा काही केल्या जुळेनात, कारण घरंच पुढे झुकलेली! प्रत्येकाच्या माथ्यावर एक तुळई बाहेर काढलेली असते आणि तिला लोखंडी आकडा. आतले जिने इतके चिंचोळे, की कपाटं-पलंग दोराने बाहेरून वर ओढून खिडकीतून आत घ्यायचे. सामान भिंतीला घासू नये म्हणून दर्शनी भिंत मुद्दाम पुढे कलती बांधलेली. काही घरं मात्र खालचे लाकडी खांब खचल्यामुळे बाजूला कलली आहेत. मुद्दामचा कल कुठला आणि वयाचा कुठला, हे रेघ ओढताना कळायला लागतं. आठ वर्षांपूर्वी ऑफिसच्या कामासाठी याच शहरात मी दोन आठवडे होते. परत आल्यावर तेव्हाचे फोटो काढून पाहिले. प्रत्येक फोटोत आकडा आहे, आणि तो मला पहिल्यांदाच दिसत होता.

पाऊस तिथे कधीही येतो. जलरंग सुकता सुकत नाहीत. एकदा एक आजी सायकल थांबवून, काही न बोलता माझ्या वहीवर छत्री धरून उभ्या राहिल्या. दहा मिनिटांनी म्हणाल्या, “ती तिसऱ्या मजल्यावरची खिडकी माझी. तिथे कुंडी आहे, ती काढा.” काढली.

राइक्सम्युझियममध्ये पेन्सिलीने चित्रं काढू देतात. व्हर्मीरचं दूध ओतणाऱ्या दासीचं चित्र तिथे आहे, साधारण 1660 सालचं, जेमतेम दीड फूट उंचीचं. लोक येतात, मोबाइल उंचावतात, जातात. मी गर्दीच्या कडेला पन्नास मिनिटं उभी होते. विसाव्या मिनिटाला मागच्या पांढऱ्या भिंतीवरचा खिळा दिसला, मग त्याची इवलीशी सावली, मग जुने खिळे उपटल्याची भोकं. डावीकडच्या खिडकीतून येणारा उजेड त्या एका खिळ्याने पक्का होतो. 2022 मध्ये संशोधकांना तपासणीत आढळलं, की त्याच भिंतीवर व्हर्मीरने आधी सुरया टांगायची फळी रंगवायला घेतली होती आणि मग बुजवून टाकली. फळी गेली, खिळा राहिला. आमच्या धंद्यात लिहिलेला कोड पुसायला लोक फार कचरतात, म्हणून मला हे जास्तच भावलं असेल.

रेम्ब्रांटचं घरही पाहिलं. 1639 मध्ये त्याने ते विकत घेतलं, 1656 मध्ये दिवाळं निघालं आणि पुढे घरही गेलं. त्या पडत्या काळातच त्याने मुघल लघुचित्रं समोर ठेवून वीसहून अधिक रेखाटनं केली. त्यांत शाहजहान आहे. रेम्ब्रांट आयुष्यात कधी नेदरलँड्सबाहेर गेला नाही. जहाजांमधून आलेली चित्रं न्याहाळून त्याने आपल्याकडच्या पगड्या आणि जाम्यांच्या चुण्या गिरवल्या, त्याही आशियातून आलेल्या कागदावर. आम्ही मुंबईहून विमानाने नऊ तास उडून त्याचं दार गिरवायला गेलो होतो, याचं मला हसू आलं.

आता संगणक कक्ष. तो व्हायलाच हवा आणि माझी वर्गणी मी भरली आहे. पण तो चित्रकलेच्या दालनात करायचं ठरतंय, त्याला माझा विरोध आहे. एलिमेंटरी-इंटरमिजिएटची तयारी आपण तिथे केली. स्थिरचित्रासाठी मांडलेल्या त्या पितळी तांब्यावर पडणारा उजेड उत्तरेच्या तीन मोठ्या खिडक्यांमधून यायचा. दिवसभर न हलणारा तसा उजेड शाळेत दुसरीकडे कुठेच नाही. संगणक ठेवले, की पडद्यावर चकाकी नको म्हणून याच खिडक्या पहिल्या झाकाव्या लागतील. मुलांनी प्रोग्रॅमिंग जरूर शिकावं. पण माझ्या हाताखाली येणारी हुशार मुलं अडतात ती कोड लिहिताना नव्हे, समोर नेमकं काय घडतंय ते पाहताना. त्यांना तासभर एका तांब्याकडे बघायला लावणारा दुसरा विषय मला तरी माहीत नाही.

प्रयोगशाळेमागची सामानाची खोली काल शिपाईकाकांकडून उघडून घेतली. अठरा बाय चोवीस फूट आहे. खिडकी एकच, तीही लहान. वीस संगणक आरामात बसतात, वायरिंग तेवढं नवं करावं लागेल. नकाशा हाताने काढून बाहेर चहाच्या टेबलाशेजारी लावला आहे. जाताना बघा, आणि विश्वस्तांच्या बैठकीला पाठवायच्या पत्रावर सही करायची असेल तर पेन तिथेच आहे.