बाटलीत विहिरीचेच पाणी असावे
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



वेदगंगा कोल्हापूर जिल्ह्यातून निघून आपल्या निपाणीजवळ येते. दोन राज्यांची हद्द तिला ठाऊक नाही. २०१९ च्या ऑगस्टात तिने यमगर्णीच्या पुलाजवळ हमरस्ता अडविला; २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच घडले. पूर ओसरतो, परंतु विहिरींत शिरलेले पाणी मागे राहते. ते पिण्याजोगे आहे किंवा नाही, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही, तपासावेच लागते.

एकदा आम्ही काहीजण मोठ्या उत्साहाने अशा कामाला निघालो. दिवसभर हिंडून नमुने घेतले. बर्फ मात्र नेला नव्हता. उन्हात तापलेल्या बाटल्या प्रयोगशाळेने परत केल्या, आणि ते योग्यच झाले. पण तोवर त्या गावच्या बायाबापड्या तेच पाणी भरीत राहिल्या. ती टोचणी अजून मनात आहे, म्हणून हे चार शब्द.

तुकडीत तिघे तरी असावेत. एकाने नमुना घ्यावा, दुसऱ्याने नोंद करावी, तिसऱ्याने काठावर दोर घेऊन लक्ष ठेवावे. चढत्या पाण्यात एकट्याने उतरणे हे शौर्य नव्हे. निर्जंतुक बाटल्या, हातमोजे, तापमापक, चिठ्ठ्या, न पुसणारी शाई आणि बर्फाची पेटी हे सामान आदल्या रात्रीच यादीप्रमाणे मोजून ठेवावे.

निर्जंतुक बाटली विसळू नये. क्लोरीन घातलेल्या पाण्याकरिता तिच्यात सोडियम थायोसल्फेट असते. ते नसले, तर क्लोरीन वाटेतही जंतू मारीत राहतो आणि दूषित पाणी चांगले ठरते. पोहऱ्यातले पाणी घेऊ नये. स्वच्छ दोरीने वजन बांधून बाटलीच विहिरीत सोडावी. आतल्या बाजूस बोट लागू देऊ नये. नदीत बाटलीचे तोंड प्रवाहासमोर धरावे. वर थोडी जागा मोकळी ठेवावी, म्हणजे प्रयोगशाळेत पाणी हलविता येते. गाव, जागा, तारीख आणि वेळ तिथल्या तिथे लिहावी. बाटल्या बर्फात ठेवून शक्यतो त्याच दिवशी, फार तर २४ तासांच्या आत पोहोचवाव्यात.

आणि मित्रांनो, "निकाल येईपर्यंत पाणी उकळून प्या," एवढे घरोघर सांगितल्यावाचून गाव सोडू नका. आम्ही त्या दिवशी तेवढेही सांगितले नव्हते.