मधुमेह आणि आपली उसळ



मी सातवी शिकलेली गृहिणी. औषधाचे डॉक्टरांनी सांगावे. मी ताटाविषयी चार शब्द बोलते.

आमच्या सासूबाईंना मधुमेह आहे. "कडधान्य चालते" असे ऐकले की कित्येक घरी दोन भाकऱ्यांच्या जोडीला दोन वाट्या उसळ वाढली जाते. पण कडधान्यही पिष्टमयच. कोरड्या हरभऱ्यात निम्म्याच्या आसपास पिष्ट असते. मात्र सोबत चोथा आणि प्रथिने असल्यामुळे साखर रक्तात सावकाश उतरते. टोरांटोच्या डॉ. जेन्किन्स यांनी १९८१ साली कोणत्या अन्नाने साखर किती चढते याची तुलना प्रसिद्ध केली, तीत कडधान्ये खालच्या पायरीवर होती.

म्हणून उसळ भाकरीच्या भरीला नव्हे, बदली घ्यावी. आमच्याकडे वाटीभर मटकी वाढली की एक भाकरी कमी होते. आमटीत गूळ नाही, आमसूल असते. पुरणही डाळीचेच, पण त्यातला गूळ विसरू नये. जेवणानंतर दोन तासांनी साखर तपासली की आपल्याला काय मानवते ते कळते.

गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर भाकरी कमी करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. साखर फार उतरणेही धोक्याचे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास डाळीचे प्रमाणही त्यांनीच ठरवावे.

वेगळे ताट वाढले की आजारी माणूस मनाने पंगतीतून उठतो. उसळ मात्र सर्वांनी मिळून खाता येते. सासूबाई आमच्याच पंगतीला बसतात, याचे मला मोठे समाधान वाटते.